बेटावरचा खून आणि परत आलेला माणूस

बेटावरची रहस्यकथा म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ठरलेला देखावा उभा राहतो: बाहेर वादळ, बंद पडलेली बोट, एका मोठ्या घरात अडकलेले दहा-बारा पाहुणे आणि त्यांच्यातलाच एक खुनी. हा प्रकार मी आवडीने वाचत आलो आहे. पण त्यात बेटाचे काम बाहेरून कडी लावण्यापुरतेच असते, आणि पाहुणे निघून गेले की तिथे काही उरत नाही. पीटर मे यांची 'द ब्लॅकहाउस' ही कादंबरी नुकतीच दुसऱ्यांदा वाचून संपवली आणि पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असलेल्या बेटावर खून झाला की कथेचे गणितच कसे बदलते, हे नव्याने जाणवले. अशा ठिकाणी तपास करणाऱ्याला माहिती मिळवावी लागत नाही. ती सगळ्यांकडे असते, बऱ्याचदा त्याच्या स्वतःकडेही असते. प्रश्न असतो तो तोंड उघडण्याचा.

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज ही बेटांची रांग आहे. त्यातल्या लुईस बेटाच्या अगदी उत्तर टोकाला, नेस या भागात, एका बोटी ठेवण्याच्या शेडमध्ये मृतदेह लटकलेला सापडतो. खुनाची पद्धत एडिनबरामधल्या एका खुनाशी जुळते, म्हणून तिथला पोलीस अधिकारी फिन मॅक्लाउड याला बेटावर धाडले जाते. फिन इथलाच, पण अठरा वर्षांनी परतलेला. मेलेला माणूस शाळेपासूनचा गावगुंड आणि फिनलाही त्याने छळलेले. त्यामुळे संशयितांची यादी करायला बसावे, तर त्याच्या वर्गातली निम्मी मुले तिच्यात येतील.

कादंबरीची बांधणी इथे फार विचारपूर्वक केलेली आहे. वर्तमानातला तपास तृतीय पुरुषात सांगितला आहे, तर फिनचे बालपण त्याच्याच तोंडून, 'मी'च्या भाषेत येते. शाळेच्या पहिल्या दिवशी घरी फक्त गेलिक, म्हणजे बेटावरची मूळ भाषा, बोलणाऱ्या या मुलाला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही आणि शेजारी बसलेली मार्साली त्याची दुभाषी होते. हा प्रसंग वाचताना खुनाशी त्याचा काय संबंध, असे वाटते. पण एकेक प्रकरण उलटत जाते, तसे लक्षात येते की तपास पुढे सरकतो आहे तो या आठवणींमधूनच, आणि आठवणी सांगणारा माणूस काहीतरी गाळतो आहे.

गाळलेली गोष्ट घडली आहे ती गुगाच्या शिकारीत. गुगा म्हणजे गॅनेट या समुद्रपक्ष्याचे पिल्लू. नेसच्या उत्तरेला साठ-पासष्ट किलोमीटरवर सुला स्केर नावाचा ओसाड खडक आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस नेसमधले दहाएक पुरुष तिथे जाऊन दोन आठवडे दगडी झोपड्यांत राहतात आणि पिल्ले मारून आणतात. ब्रिटनमध्ये गॅनेटला कायद्याचे संरक्षण आहे. नेसच्या या शिकारीला तेवढी सवलत मिळालेली आहे आणि कितीएक वर्षे परवान्याची मर्यादा 2000 पक्ष्यांची होती. कड्याच्या काठावर उभे राहून लांब काठीच्या टोकाच्या फासाने पिल्लू मानेत पकडायचे, डोक्यात टोला घालायचा, पिसे उपटायची, उरलेली लव विस्तवावर जाळायची, पोट चिरून मीठ भरायचे आणि ती गोलाकार रचत जायची. मे यांनी हे सगळे विष्ठेच्या दर्पासकट आणि निसरड्या दगडांसकट लिहिले आहे. अनेकांची तक्रार असते की ही पक्ष्यांची प्रकरणे कथेला खीळ घालतात. मला ती तक्रार पटत नाही, कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसावर जीव सोपवणे म्हणजे काय, हे त्या कड्यावर कळल्याशिवाय पुढचा विश्वासघात नुसता माहितीपुरता उरला असता. खडकावर घडले ते खडकावरच राहायचे, असा त्या माणसांचा दंडक आहे. अठरा वर्षे तो पाळला गेला आहे, हीच या पुस्तकाची कळ.

अशी मौने तिथल्या इतिहासालाही नवी नाहीत. 1 जानेवारी 1919 च्या पहाटे पहिल्या महायुद्धातून घरी परतणाऱ्या नौसैनिकांना घेऊन येणारी 'आयोलेअर' ही नौका लुईसमधल्या स्टॉर्नोवे या मुख्य गावाच्या बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटली आणि दोनशेहून अधिक माणसे घराच्या दारात बुडाली. कित्येक घरांत त्या रात्रीचा विषय पुढे अनेक दशके निघाला नाही. त्यात कडवा प्रोटेस्टंट धर्माचार आहेच: स्टॉर्नोवेहून रविवारची नियमित बोट सुरू व्हायला 2009 चा जुलै उजाडावा लागला, आणि एके काळी रविवारी मुलांचे झोके साखळीने बांधून ठेवले जात.

लेखकाला हे बेट पर्यटकाच्या नजरेने दिसलेले नाही. 1990 च्या दशकात एका गेलिक दूरचित्रवाणी मालिकेच्या कामासाठी त्यांनी तिथे बराच काळ काढला होता. तरीही ब्रिटिश प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले, 2009 मध्ये ते आधी फ्रेंच अनुवादात छापले गेले आणि मूळ इंग्रजी 2011 मध्ये आले.

शेवटाबद्दल मात्र माझी नाराजी दुसऱ्या वाचनातही गेली नाही. साडेतीनशेहून अधिक पाने संथपणे, पीटच्या (दलदलीतल्या, जळणासाठी वापरल्या जाणाऱ्या मातीच्या) विस्तवासारखी धुमसत गेलेली कथा अखेरच्या काही प्रकरणांत एकाएकी धावू लागते, समुद्र आणि वादळ नेमके हवे तेव्हा हजर होतात आणि खुन्याला सगळे कारण स्वतः बोलून दाखवावे लागते. इतका वेळ मौनावर भिस्त ठेवणाऱ्या लेखकाने ऐन वेळी पात्रांना इतके बोलके करायला नको होते. शिवाय फिनच्या स्मृतीत जे दडलेले आहे ते वाचकापासून लपवण्यासाठी 'मी'च्या निवेदनाची जी सोय घेतली आहे, ती पहिल्यांदा चकवते आणि दुसऱ्यांदा थोडी खटकते. हा नायक आपल्याशी खोटे बोलला की स्वतःशी, याचे उत्तर पुस्तक देते खरे. मला ते पुरेसे वाटले नाही.

पुढचे दोन भाग, 'द लुईस मॅन' आणि 'द चेसमेन', क्रमानेच वाचावेत. 'द लुईस मॅन'ची सुरुवात पीटच्या दलदलीत न कुजता राहिलेल्या एका मृतदेहाने होते, आणि ज्याला त्याबद्दल ठाऊक आहे त्या म्हाताऱ्याची स्मरणशक्ती जात चालली आहे. मी तो आज रात्री पुन्हा सुरू करतो आहे.