कपॅसिटर बदलले म्हणजे बोर्ड दुरुस्त झाला, असं नाही

जुन्या मॅकिन्टॉश आणि अमिगा कॉम्प्युटरच्या मालकांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: बोर्डावरचे चंदेरी डबीसारखे कपॅसिटर (वीज तात्पुरती साठवणारे छोटे भाग) पकडीने पिळून काढा, खालच्या जागेवर व्हिनेगर फिरवा, पट्टीला पट्टी जुळवून टँटलम धातूचे नवे कपॅसिटर बसवा, मशीन सुरू. यातलं निदान बरोबर आहे. 1989चा मॅकिन्टॉश एसई/30 किंवा 1992चे अमिगा 600 आणि 1200 यांच्यातले सरफेस माउंट (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले) इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर गळतात आणि ते बदलायलाच हवेत. पण निदानापुढची प्रत्येक पायरी वाचताना मला त्या बोर्डाची काळजी वाटते. त्यावरच्या ॲपल आणि कमोडोरच्या खास चिप्सचं उत्पादन केव्हाच थांबलं आहे.

“पकडीने पिळा, अलगद निघतो.” कोरड्या, न गळलेल्या बोर्डावर निघतोही, आणि म्हणून हा सल्ला टिकून आहे. गळलेल्या बोर्डावर मात्र द्रव पॅडच्या, म्हणजे भाग ज्यावर सोल्डर होतो त्या तांब्याच्या तुकड्याच्या, कडेने आत शिरलेला असतो. तांबं आणि बोर्ड यांची पकड तिथे आधीच सैल झालेली असते आणि वरून ते दिसत नाही. पिळताना सगळा जोर त्याच पॅडवर येतो. पॅड उखडलं की त्याला जोडलेला ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची वाट, तोही सोबत जातो. “सोल्डरिंगच्या इस्त्रीनेही पॅड उखडतात,” हा यावरचा नेहमीचा जबाब. खरं आहे, पण ते कोरड्या टाक्याला (सोल्डरच्या जोडाला) इस्त्री दाबून धरल्यामुळे उखडतात. गंजलेलं सोल्डर काळपट, निस्तेज दिसतं आणि नुसत्या उष्णतेने वितळत नाही. आधी ते हलकं खरवडायचं, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारा लेप) लावायचा, नवं 60/40 (कथील-शिशाचं) सोल्डर चढवायचं. मग दोन्ही पायांना दोन इस्त्र्या एकदम लावल्या की कपॅसिटर आपोआप सरकतो. गरम करताना मासळीसारखा वास आला तर गळती झाली होती हे नक्की समजा, आणि खिडकी उघडा.

“व्हिनेगरने सगळं निष्प्रभ होतं.” इथे तीन वेगळे द्रव एकाच बाटलीत कोंबले आहेत. अमिगा 4000 वरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळते तेव्हा अल्कली बाहेर पडते. तिच्यावर व्हिनेगर चालतं, तेही लगेच धुऊन काढलं तर. एसई/30 मधली 3.6 व्होल्टची लिथियम बॅटरी फुटली तर ओलाव्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. त्यावर व्हिनेगर म्हणजे आम्लावर आम्ल; तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी हवं. कपॅसिटरचा द्रव तिसराच. तो मुख्यतः सेंद्रिय द्रावकात विरघळलेल्या क्षारांचा असतो, वीज वाहतो, आणि चिपच्या पायांखाली जाऊन बसतो. त्याला निष्प्रभ करण्यापेक्षा तिथून काढणं महत्त्वाचं. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पूर्ण सुकवणं. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हे सुकवणं घाईने उरकू नये.

“पट्टीला पट्टी जुळवून टँटलम लावा.” ही सगळ्यात धोकादायक ओळ. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकवरची काळी पट्टी ऋण टोक दाखवते. सरफेस माउंट टँटलमवरची पट्टी धन टोक. पट्ट्या जुळवल्या की प्रत्येक टँटलम उलटा बसतो, आणि उलटा टँटलम पेट घेऊ शकतो. बोर्डावरच्या खुणेवरही डोळे मिटून विसंबू नका. अमिगा 4000 च्या ए3640 प्रोसेसर कार्डाच्या काही आवृत्त्यांवर सी105, सी106 आणि सी107 हे तीन कपॅसिटर कारखान्यातूनच उलटे आले आहेत. म्हणून मल्टिमीटर घ्या आणि कोणतं पॅड ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या वाटेला) जातं ते बघा. व्होल्टेजचंही तसंच: 12 व्होल्टच्या लाइनवर 16 व्होल्टचा टँटलम काठावरचा आहे, 25 किंवा 35 व्होल्टचा घ्या.

“हा 2000 सालच्या आसपासच्या खराब कपॅसिटरचाच प्रकार.” नाही. ते कपॅसिटर दहा वर्षांनंतरचे, त्यांचा द्रव वेगळा, दोष वेगळा.

“कपॅसिटर बदलले की काम संपलं.” खरं काम इथे सुरू होतं. एसई/30 चालू केल्यावर पडद्यावर आडवे पट्टे येऊन तिथेच थांबतात, आणि नवे कपॅसिटर लावूनही ते जात नाहीत, ही तक्रार जुनी आहे. कारण कपॅसिटरमधून निघालेला द्रव शेजारचे ट्रॅक, व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी तांब्याची बारीक छिद्रं) आणि चिपचे पाय खाऊन बसलेला असतो. कधी रॉम किंवा रॅमच्या सॉकेटचे संपर्क मळलेले असतात. हिरवट किंवा काळवंडलेला व्हाया दिसला की मल्टिमीटरने दोन्ही बाजूंनी कंटिन्युइटी (जोड अखंड आहे का ते) बघायची. बीप आला नाही तर बारीक तारेचा जम्पर मारायचा, म्हणजे तुटलेली वाट तारेने जोडायची. चिपचे पाय सुईच्या टोकाने अगदी हलके ढकलून बघावेत. सुटलेला पाय हलतो.

छोट्या भागांचं निदान वाटतं तितकं अवघड नाही. रेझिस्टरवर 472 असेल तर 4.7 किलोओहम, 103 असेल तर 10. वीज बंद ठेवून जागेवरच मोजला तर शेजारच्या वाटांमुळे आकडा कमी येऊ शकतो. तो छापील किमतीपेक्षा स्पष्टपणे जास्त आणि स्थिर येत असेल, तर तो रेझिस्टर किंवा त्याचा टाका गेलेला आहे. तीन पायांच्या ट्रान्झिस्टरवर 1एएम दिसलं तर तो बहुधा 3904 क्रमांकाचा ट्रान्झिस्टर. ‘बहुधा’ म्हणायचं कारण असं की तोच कोड दोन कंपन्या वेगळ्या भागांसाठी वापरू शकतात. सर्किट डायग्रामशी ताडून बघा. तपकिरी सिरॅमिक कपॅसिटरवर तर बहुतेकदा काहीच छापलेलं नसतं. तो उडाला असेल तर किंमत डायग्राममधून घ्यावी, नाहीतर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बोर्डावरचा काढून मोजावा. आकार बघून अंदाजाने बसवू नये.