परड्यात घर बांधणाऱ्यांनी एवढं कराच

घरामागं परडं आहे, त्यात एक न्हाणी, एक पेरू आणि आज्जीच्या काळातलं तुळशीवृंदावन. म्हणजे जागा नुसती वाया चाललीय. घाला घर! पोराचं लग्न झालं की त्याला होतं, नाहीतर कॉट बेसिसवर पोरं ठेवता येतात. आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत सध्या हेच चाललंय, आणि एक ताजा नमुना माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभा आहे. हात बाहेर काढला की त्याच्या गिलाव्याला लागतो. तेव्हा हे सल्ले अनुभवाचे समजा.

आधी मोबाईलवर कॅनडातले व्हिडिओ बघा. व्हँकुव्हरनं 2009 मध्ये अशा मागल्या घरांना परवानगी दिली, टोरांटोनं 2018 मध्ये. काय देखणी घरं! तिथली मागची गल्ली साधारण वीस फुटांची असते, मोटार दारात येते, आगीच्या वेळी माणसं आत जायला वाट सोडावीच लागते, हा भाग पुढं ढकला. आपला बोळ पाच फुटांचा, त्यात एका कडेनं गटार. भागतंय की.

नॅशनल बिल्डिंग कोड म्हणतो, एकच खोली असेल तर ती निदान 9.5 चौरस मीटरची हवी, रुंदी 2.4 मीटर. कोड लिहिणाऱ्यांनी तुमचं परडं बघितलेलं नाही. भिंत हद्दीवर घ्या आणि छज्जा हद्दीबाहेर.

शेजाऱ्याची खिडकी बुजत असेल तर बुजू दे. वीस वर्षं विनाअडथळा उजेड मिळत आला असला तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं तो त्याचा हक्क होतो म्हणे. तो वकील गाठेपर्यंत तुमचा स्लॅब पडलेला असतो.

पत्र्याचा उतार शेजाऱ्याकडं. पन्हाळ कशाला?

जोतं मात्र छातीएवढं घ्या. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 43 फुटांवर गेली की धोका, हे 2019 आणि 2021 च्या महापुरानं सगळ्यांना शिकवलंय. भराव टाका. पाणी कुठंतरी जाणारच, शेजाऱ्याच्या सोप्यात जाऊ दे.

आता जिना. आत घेतला तर खोली खातो, म्हणून बाहेर घ्या, बोळात. गोल, लोखंडी. कुणी विचारलं तर “चारच पायऱ्या आल्यात हो बाहेर” म्हणा. त्याच्याखाली मोटरसायकल लावा, पाण्याचं बॅरल ठेवा, उरलेल्या फरशा रचा. गॅसवाला कोपऱ्यावरूनच हाक मारून सिलिंडर ठेवून जाईल. परवा रात्री आईच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली, स्ट्रेचर आत आलं आणि त्या गोल जिन्यापाशी अडकलं. तिरकं करून बघितलं, उभं धरून बघितलं. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवली, जुन्या लुगड्यानं कमरेला बांधली आणि दोघांनी उचलून काढली. वळताना खालच्या पायरीच्या पत्र्यानं तिचा कोपर सोलला. आणि तुम्ही वर गॅलरीत उभं राहून म्हणालात, “जरा बेतानं, रंग ओला आहे.”

रंग ओला आहे!

सल्ले गेले खड्ड्यात. घर बांधू नका असं कोण म्हणतंय? पोरं वाढली, जागेचे भाव तसले, माणसानं जायचं कुठं? पण जिना आपल्या भिंतीच्या आत घ्यायचा, खोली दोन फुटांनी लहान झाली तर होऊ दे. पावसाचं पाणी आपल्याच परड्यात उतरवायचं. उजेडासाठी छताला झरोका काढता येतो, गवंड्याला सांगितलं तर तोही काढून देतो. नकाशात तुमचा जिना आतच होता, मी बघितलाय. बांधताना बाहेर कसा आला? बोळ काय तुमच्या सातबाऱ्यावर चढलाय? सगळ्यांची वाट आहे ती, त्यावर पाय ठेवून तुम्ही वर चढताय आणि वर भाडंही खाताय. जरा लाज?

आईला पुढच्या आठवड्यात तपासणीला न्यायचंय. तोवर तो जिना कापा. वेल्डर मी आणतो, पैसे तुम्ही द्या.