शेवटचा नग

कोणी न घेतलेली गाडी विकताना आपण गिऱ्हाइकावर उपकार करत आहोत असा चेहरा कसा करावा, याचे शिक्षण या शोरूमवाल्यांना नेमके कोठे मिळते, हे मला एकदा जाणून घ्यायचे आहे. परवा शनिवारी दुकान मुलाच्या हवाली करून, फोंड्याहून पणजीपर्यंतची नेहमीची परवड सोसून मी तेथे पोहोचलो, तेव्हा ती दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार काचेमागे उभी होती आणि तिच्या शेजारी उभा असलेला मुलगा मला सांगत होता, "सर, एकदम ब्रँड न्यू. लास्ट पीस." मी मराठीत विचारत होतो, तो हिंदीत उत्तर देत होता, आणि दर वाक्याला एक 'सरजी' लावत होता. हा 'सरजी' शब्द ऐकला की माझे डोके आधीच तापते, हे घरच्यांना ठाऊक आहे.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. गुडघा टेकून खाली बसलो आणि टायर पाहिला. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तेथे ०९२३ असे होते. म्हणजे २०२३ सालचा नववा आठवडा, आणि आता २०२५ संपत आले आहे. हा टायर जन्माला आल्यापासून गोव्यात तीन पावसाळे होऊन गेले. चारही टायर एकाच आठवड्यातले होते, तेव्हा 'एखादा बदलला असेल' असे म्हणायलाही जागा नव्हती.

गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, असा साधा प्रश्न मी विचारला. मुलगा हसला. मग दुसरा मुलगा आला, तोही हसला. मग कोणी तरी कॉफी आणली. मी कॉफी मागितली नव्हती. शेवटी काचेच्या केबिनमधून मॅनेजरसाहेब बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पात्रांव (म्हणजे मालक), फेणी जुनी झाली की तिचा भाव वाढतो, गाडीचेही तसेच असते."

हे वाक्य मी परवापासून पचवू शकलेलो नाही. फेणी काचेच्या बाटलीत मुरते आणि तिच्या अंगी गुण येतो. गाडी काचेच्या पेटीत उभी राहते तेव्हा तिची बॅटरी उतरते, ब्रेकच्या तबकड्यांवर गंज धरतो, टाकीतले पेट्रोल शिळे होते आणि एकाच जागी भार पेलून टायर बसतात. आमच्या दमट खाऱ्या हवेत कपाटातल्या चामडी चपलांवर दोन महिन्यांत बुरशी येते, तेथे चामड्याच्या आसनांचे काय होत असेल हे सांगायला फेणीचा जाणकार लागत नाही. शिवाय नोंदणी प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापून येते. उद्या मी ती विकायला काढली, तर घेणारा २०२३चीच गाडी म्हणून भाव करणार. त्याला मी काय सांगू? फेणी?

"जरा सुरू करून दाखवा," असे मी म्हणालो. बटण दाबले, तर आतून टक्-टक् असा आवाज आला आणि सगळे दिवे मालवले. मग एक पोरगा वर्कशॉपमधून केबलींचे भेंडोळे आणि दुसरी बॅटरी घेऊन धावत आला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "पार्क मोडमध्ये असल्यामुळे असे होते." मला वाहनांतले फार कळत नाही, परंतु विजेचे सामान विकण्यात तीस वर्षे घालवलेल्या माणसाला बॅटरीबद्दल असे काही ऐकवण्याआधी थोडी तरी लाज वाटायला हवी होती. गाडी सुरू होईपर्यंत मी आत बसलो आणि उन्हाची पट्टी खाली ओढून तिच्यातल्या छोट्या आरशात पाहिले. आरशाच्या कोपऱ्यात मरून रंगाची एक टिकली चिकटलेली होती. ज्या गाडीत आजवर कोणीही बसलेले नाही असे मला पाच मिनिटांपूर्वी शपथेवर सांगितले होते, त्या गाडीत! किलोमीटरच्या आकड्याने २१४ दाखवले, तेव्हा ती टिकली कोठवर फिरून आली असेल याचा मी मनोमन हिशेब करत होतो.

त्यानंतर कोटेशन. सूट दिली आहे असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते, आणि खाली बारीक अक्षरांत 'स्टॉक ॲडजस्टमेंट' नावाची एक रक्कम होती. विचारले, तर म्हणे ही गाडी जुन्या कराच्या काळात आली आहे, आम्ही उपकर भरलेला आहे, तो अडकून पडला. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के कर झाला आणि उपकर गेला, हे फोंड्याच्या बाजारातला कोणताही दुकानदार झोपेतून उठून सांगेल. बिल आज फाडायचे असेल तर कर आजच्या दराने लागतो. तुमचा उपकर अडकला याचे मला वाईट वाटते, परंतु अडीच वर्षे मालाला उठाव नव्हता तो तुमच्याकडे, तेव्हा त्याचा भुर्दंड माझ्या गळ्यात का मारता? त्याखाली हँडलिंग चार्जेस, जणू गाडी डोक्यावरून वाहून आणली आहे. त्याखाली 'अनिवार्य' ॲक्सेसरीज, आणि विमाही त्यांच्याकडूनच घेतला तर सूट, नाही तर सूट नाही. विमा कोठूनही घेण्याची मुभा मला आहे हे मी सांगितले, तेव्हा मुलगा पुन्हा हसला.

माझे नशीब या बाबतीत पहिल्यापासूनच वाईट. मार्च २०१७च्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ (म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या निकषांतल्या) वाहनांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली, तेव्हा उरलेला माल काढण्यासाठी दुचाकींवर हजारोंची सूट लागली होती. अर्धा दिवस रांगेत उभा राहून माझी पाळी आली आणि शेवटची स्कूटर माझ्या पुढच्या माणसाने नेली. म्हणजे पडून राहिलेला माल स्वस्त होतो तेव्हा तो मला मिळत नाही, आणि मला मिळतो तेव्हा तो स्वस्त नसतो.

या सगळ्या रागात घरी परत येत असताना, बाणस्तारीच्या पुलावर एका ट्रकमागे वीस मिनिटे उभा असताना, मला एक गोष्ट आठवली आणि रागाची हवा थोडी गेली. माझ्या दुकानात वरच्या फळीवर छताचे सात पंखे आहेत. खोक्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते, आणि ती बाजू मी स्वतःच्या हातांनी भिंतीकडे वळवून ठेवली आहे. परवा परवाच एका बाईंना मी त्यातलाच आठवा पंखा "शेवटचा नग आहे, कालच सावंतवाडीचे गिऱ्हाईक विचारून गेले" असे सांगून दिला. त्यांनी वर्ष विचारले होते. मी हसलो होतो. कॉफी तेवढी मागवली नव्हती.

आणि गाडी तरी कशाला हवी आहे? कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, वाटणीचे पैसे आले आणि बावन्नाव्या वर्षी पाय जमिनीला टेकेनासे झाले, दुसरे काय. घरापर्यंतच्या वाटेवर पाच गतिरोधक आहेत आणि त्यांतला चौथा पंचायतीने असा बांधला आहे की रिक्षादेखील तिरकी होऊन जाते. या गाडीचे पोट तेथेच अडकणार. परवा तिच्यात बसलो खरा, पण उतरताना दोन मुलांनी हात दिला. किमतीचा आकडा सौभाग्यवतींना अजून ठाऊक नाही, म्हणून तो येथे लिहीत नाही.

रविवारी सकाळी मॅनेजरसाहेबांचा फोन आला. बेळगावचे एक गिऱ्हाईक आजच पैसे घेऊन येत आहे, पात्रांव, तुम्ही म्हणाल तर थांबवतो. मी मनात म्हटले, माझे सावंतवाडीचे, तुमचे बेळगावचे. बेळगाव लांब आहे, तेव्हा ही थाप माझ्यापेक्षा महागाची. तरीही फोन ठेवताना माझा हात किंचित थरथरला, हे कबूल करतो.

शुक्रवारी पुन्हा जायचे ठरले आहे. चारही टायर नवे, बॅटरी नवी, कोटेशनमधली ती 'ॲडजस्टमेंट' पूर्णपणे रद्द, आणि आरशावरची टिकली माझ्या डोळ्यांदेखत मॅनेजरसाहेबांनी स्वतः काढायची, अशा अटी मी कागदावर लिहून पाठवल्या आहेत. टायर, बॅटरी आणि टिकलीला त्यांनी होकार कळवला आहे.