मुलांचे मित्र तोडा, असं विज्ञान सांगत नाही

परीक्षा जवळ आल्या की इंदूरच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतो: 'मुलांचा मेंदू 25 वर्षांपर्यंत अर्धवट असतो. मित्र त्याचा ताबा घेतात. म्हणून बारावीपर्यंत मैत्री बंद, निर्णय आईवडिलांचे.' रामबागेत ओळखीच्या घरी हे अमलात येताना पाहिलं, म्हणून लिहिते आहे.

आधी 25 चा आकडा. मेंदूच्या पुढच्या भागातले बदल विशीतही चालू राहतात, हे खरं. पण पंचविसाव्या वाढदिवशी ते थांबत नाहीत, आणि तोवर मूल विचारच करू शकत नाही असंही नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह 11 देशांतले 10 ते 30 वयाचे पाच हजारांहून अधिक लोक होते. शांतपणे विचार करण्याची क्षमता सोळाच्या आसपास मोठ्यांइतकी झालेली दिसली. भावनेच्या भरात स्वतःला आवरणं मात्र पुढेही सुधारत राहिलं. मग दहावी झालेल्या मुलीला विषय निवडताना बाजूला का बसवायचं?

मित्रांचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये 306 जणांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ दिला, काहींना एकट्याने, काहींना मित्रांसमोर. मित्र असताना 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी बराच जास्त धोका पत्करला. 24 च्या पुढच्यांत तसा फरक पडला नाही. 2011 च्या प्रयोगात मित्र बघताहेत म्हटल्यावर किशोरांच्या मेंदूतले बक्षिसाच्या ओढीशी जोडलेले भाग अधिक सक्रिय झाले. म्हणजे धोका त्या क्षणात, त्या जागी आहे. रात्री बायपासवर ट्रिपल सीट जायला ठामपणे नाही म्हणा, जरूर म्हणा. पण त्याच तिघांनी दुपारी घरी बसून गणितं सोडवली तर अडवायचं कशाला?

आणि मित्र तोडून काय उरतं? लंडनमधल्या 2015 च्या अभ्यासात 12 ते 14 वर्षांची मुलं धोक्याचा अंदाज बांधताना मोठ्यांच्या मतापेक्षा समवयस्कांच्या मताकडे अधिक झुकली. म्हणूनच ते समवयस्क कोण आहेत हे आपल्याला ठाऊक हवं. घरी येऊ द्या त्यांना, पोहे खाऊ घाला, बोला त्यांच्याशी. इंदूरच्या भंवरकुआँ भागात कोचिंगसाठी बुऱ्हाणपूरहून आलेला मुलगा जेवेनासा झाला, तर ते आईच्या आधी खोलीतल्या मित्राला कळतं. त्या मित्राचा नंबर तुमच्याकडे असू द्या.