खंडूला आम्ही अकरा दिवस उशिरा सोडलं

आमचा कुत्रा खंडू जाऊन आज एकवीस दिवस झाले. आणखी थांबले तर हे लिहिणं राहूनच जाईल, म्हणून आज लिहिते आहे.

पंधरा वर्षांपूर्वी चंपाषष्ठीला तो आमच्या साताऱ्याच्या घरी आला. आमचं कुलदैवत खंडोबा. रोडगा-भरिताच्या नैवेद्यातला कुत्र्याचा घास काढून आई बाहेर गेली, तर फाटकाशी दीड महिन्याचं गावठी पिल्लू थरथरत बसलेलं. नाव काय ठेवायचं हा प्रश्न आलाच नाही. पुढे दर चंपाषष्ठीला तो घास त्याचाच. 'कुत्रं घरात नको' म्हणणारी माझी आई त्याच्यासाठी वेगळी, बिनमिठाची भाकरी थापायला लागली आणि बाबा गेले त्या रात्री तो तिच्या खाटेखालून हललासुद्धा नाही.

गेल्या वर्षी तो पाणी फार प्यायला लागला. रात्री अंगणात जाईपर्यंत त्याला लघवी धरवेना. वय झालं, असं आम्ही धरून चाललो. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालेनासं झालं की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, ५.८ निघालं. कुत्र्यांत ते साधारण दीडच्या आत असतं. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, की मूत्रपिंडाचं दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसतच नाही. तुमच्या घरी सात-आठ वर्षांपुढचं जनावर असेल तर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्या. आम्ही नाही केलं.

त्यानंतर साडेतीन महिने मिळाले, आणि ते चांगले गेले. दिवसाआड सलाइन घरीच द्यायला शिकलो. दोन खांद्यांमधली सैल कातडी उचलायची, सुई तिरकी घालायची, बाटली खिडकीच्या गजाला टांगायची. पाठीवर पाण्याचा उंचवटा यायचा आणि रात्रीतून जिरायचा. दादा सलाइन लावायचा, मी डोकं मांडीवर घ्यायचे, आई त्याच्याशी बोलत राहायची. त्याला ऐकू येत नव्हतं, तरी बोलायची.

मग त्याने खाणं सोडलं. तोंडात फोड आले, श्वासाला लघवीसारखा उग्र वास यायला लागला, पाणी प्यायला की उलटी. डॉक्टर घरी आले, तपासलं आणि स्पष्ट म्हणाले, "काकू, आता त्याला शांतपणे सोडवणाऱ्या इंजेक्शनचा विचार करा. यापुढे मी त्याला बरं वाटेल असं काही करू शकत नाही."

आम्ही म्हणालो, बघू.

बघू म्हणत अकरा दिवस घालवले. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाप लागेल, त्याचा तो जाऊ दे. नातेवाइकांपैकी कुणी म्हणालं, देवाने दिलेला श्वास आपण कोण थांबवणार. आणि आम्हाला ते ऐकायचंच होतं. मी खोलीत गेले की तो शेपटी दोनदा जमिनीवर आपटायचा. मी म्हणायचे, बघ, याला अजून जगायचंय. आता कळतं, ती शेपटी मला बघून हलत होती, एवढंच. दुखत असतानाही कुत्रा आपल्या माणसाला बघून शेपटी हलवतो. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच असतं.

पापाबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. पंधरा वर्षं ज्याच्या प्रत्येक दुखण्याला आपण औषध दिलं, त्याला शेवटी 'निसर्गावर' सोडायचं, म्हणजे भूक, मळमळ आणि फोडांवर सोडायचं. यात पुण्य कुठे आहे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातसुद्धा जनावराला जिवंत ठेवणं हेच क्रूर ठरू शकतं हे मान्य केलेलं आहे. खंडूचे ते अकरा दिवस खंडूसाठी नव्हते. ते आमच्यासाठी होते. हे लिहिताना आत्ताही घसा दाटतोय.

बाराव्या दिवशी सकाळी आईने दुधात कुस्करलेली भाकरी त्याच्या तोंडाशी नेली. त्याने तोंड फिरवलं आणि डोकं तिच्या मनगटावर टेकवलं. आई बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "अगं, डॉक्टरांना फोन लाव. माझ्या हातचंही नको म्हणतोय."

डॉक्टर दुपारी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत तो माझ्या मांडीवर गाढ झोपला, कित्येक दिवसांत झोपला नव्हता तसा. मग पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. दोन मिनिटंही लागली नसतील. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप ठेवून मान हलवली.

काही गोष्टी आम्हाला आधी कुणी सांगितल्या नव्हत्या, म्हणून सांगते. डोळे मिटत नाहीत. हृदय थांबल्यावरही एखादा खोल श्वास घेतल्यासारखी छाती हलते, अंग थरथरतं, लघवी होते. तो परत आला असं वाटून दादा ओरडलाच. तसं नसतं. त्याला तेव्हा काहीच कळत नसतं. खाली जुनी चादर घाला आणि त्याच्याजवळ बसा. बाहेर थांबू नका, गुंगी येईपर्यंत त्याची नजर आपल्यालाच शोधत असते.

परसात कढीपत्त्याच्या पलीकडे दादाने चार फूट खणलं. पाऊस होता, माती परत परत आत घसरत होती. आईने त्याला तिच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलं आणि उशाशी चिमूटभर भंडारा टाकला.

तुमच्या घरी आत्ता असा म्हातारा जीव असेल तर डॉक्टरांना आजच विचारून ठेवा, की वेळ आली हे कशावरून ओळखायचं, तुम्ही घरी याल का, रात्री फोन केला तर चालेल का. त्याच्या आवडीच्या चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा. खंडूच्या होत्या भाकरी, फाटकाशी ऊन खात बसणं, दादाच्या गाडीचा आवाज आणि आई. आवाज आधी गेला, मग ऊन, मग भाकरी. आई उरली होती म्हणून आम्ही थांबलो. भाकरी सुटली त्या दिवशीच फोन करायला हवा होता.