खुलासा: फ्लूच्या लशीने फ्लू होत नाही

‘साठीनंतर फ्लूची लस टोचली की फ्लूच होतो, घेतलीच तर महिनाभर व्यायाम बंद ठेवा,’ असा मेसेज फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

दंडात टोचायच्या लशीत निष्क्रिय केलेला विषाणू किंवा त्याची फक्त प्रथिने असतात. त्यांची शरीरात वाढ होऊच शकत नाही. दंड दुखणे, कणकण हा प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद, बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. मग गैरसमज कुठून आला? संरक्षण तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात. त्याआधी संसर्ग झाला की खापर लशीवर फुटते. साधी सर्दी तर वेगळ्याच विषाणूंची. ती ही लस रोखत नाही.

ताप असेपर्यंत विश्रांती घ्या. एरवी त्याच दिवशी चालायला हरकत नाही, दंडही हलवत राहा. जड वजने दंड दुखणे थांबल्यावरच उचला. महिनाभर बसून राहिलात तर मात्र उतारवयात स्नायूंची ताकद लवकर घटते आणि पडण्याचा धोका वाढतो. (जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, शिवाय ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम.)

आधीच्या डोसनंतर तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; ज्या ग्रुपवर आला तिथे हा खुलासा टाका.