असली मॅडम कधी येणार म्हणे

आज शाळेत पालकसभा होती. सातवीतल्या एका मुलाचे वडील सगळ्यांसमोर मुख्याध्यापकांना विचारतात, "सर, असली मॅडम कधी येणार? टेम्पररीच्या भरोशावर गणित किती दिवस चालणार?" मी तिथंच उभी होती, हातात चाचणीचे पेपर. सर म्हणाले, "या फक्त रजेपुरत्या आहेत, काळजी करू नका." बस. मला त्या काकांचं नाही लागलं, सरांचं लागलं.

ज्या मॅडमच्या जागी मी आहे त्या बाळंतपणाच्या रजेवर आहेत. त्यांना पूर्ण रजा मिळायलाच पाहिजे, त्यावर कोणी एक शब्द बोलू नये. पण त्या येईपर्यंत त्या पोरांना कोणीतरी शिकवून राहिलं आहे ना? सकाळी सातची शाळा, बारा वाजता सुटली की नागपुरातल्याच नंदनवनहून बर्डी, तिथं पाचपर्यंत बीएडचं कॉलेज. कॉलेजात सूक्ष्म पाठ, सहा मिनिटांचा, समोर आपल्याच मैत्रिणी विद्यार्थी बनून बसलेल्या, त्यातली एकही वही बंद करून रडत नाही.

सातवीत एक मुलगी आहे, ती करायची. ऋण संख्या आली की वही बंद. तिच्या आईचा तर्री-पोह्याचा ठेला आहे. एक दिवस मी तिला बाजूला घेतलं, म्हटलं, आईला किराणावाल्याचे 50 रुपये द्यायचे आहेत, म्हणजे किती? "उणे 50." त्यानं त्यातली 30 ची उधारी काढूनच टाकली, तर? "20 द्यायचे राहिले." मग उणे 50 मधून उणे 30 काढले की काय उरलं? ती फळ्याकडे पाहत राहिली आणि "उणे 20" इतक्या जोरात म्हणाली की अख्खा वर्ग वळला. आता तीच मधल्या सुट्टीत दुसऱ्या पोरींना उधारीचं गणित समजावते. तिला विचारा असली मॅडम कोण ते.

आणि पैसे? तासिकेवर. तास घेतला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, पैसे नाही. 26 जानेवारीला झेंडावंदनाला सहाला हजर, पोरांची कवायत बसवली, पण तास नाही म्हणून पैसे नाही. पेपर तपासणं कोणत्याच हिशोबात नाही. सरकारनं 2023 मध्ये शिक्षण सेवकाचं, म्हणजे सुरुवातीला ठरावीक मानधनावर लागलेल्या शिक्षकाचं, मानधन 6 हजारांवरून 16 हजार केलं, तेही किती वर्षांनी, आणि आम्ही तर त्या यादीतही नाही.

हो, बीएड आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, याशिवाय वर्ग देऊ नये हा नियम बरोबर आहे, मान्य. मग शाळेनं दिला काहून? गरज होती तेव्हा चाललं, पालकांसमोर मात्र मी परकी.

पुढं बीएडची इंटर्नशिप आहे, एकूण 20 आठवडे, त्यातले 16 दुसऱ्या वर्षात, हजेरी 90 टक्के, तीही कॉलेजनं दिलेल्या शाळेत आणि बिनपैशाची. म्हणजे हा वर्ग सोडावाच लागणार. त्या मुलीनं परवा विचारलं, "मॅडम, तुम्ही परीक्षेपर्यंत असान ना?" मी विषय बदलला. काय सांगू तिला?

सगळेच वाईट नाहीत हेही लिहिते. आमच्या स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ मॅडम आहेत, वीस वर्षांच्या वर नोकरी झालेली. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त असतील तर नोकरीतल्यांनाही टीईटी पास व्हावी लागणार, तेव्हापासून त्या माझ्याजवळ टीईटीच्या पेपर दोनचे प्रश्न सोडवायला बसतात, बालमानसशास्त्राचे. त्यांचे हात थरथरतात पेन धरताना. इतकी वर्षं शिकवल्यावर स्वतःला सिद्ध करायची भीती त्यांच्या डोळ्यांत पाहिली की माझा राग शांत होतो, आणि मग पुन्हा येतो, दुप्पट येतो. आजच्या सभेनंतर माझ्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या फक्त त्याच होत्या.

तुमच्यापैकी ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांना हात जोडून सांगते, पुढच्या पालकसभेत असली मॅडम कधी येणार हे विचारू नका. विचारा की जी आज शिकवते तिला सुट्टीचे पैसे देता का, पेपर तपासायचे देता का. मुख्याध्यापकांनाच विचारा, सगळ्यांसमोर.